‘रामशास्त्री’ तुमच्या घरात काय ठेवून गेला?

प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा सिनेमा १९४४ चा, पण इंदूरच्या मराठी घरांत त्याचं नाव अजून निघतं. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि न्यायाधीश रामशास्त्रींनी सत्तेवर बसलेल्या त्यांच्या काकालाच, राघोबादादांना, देहांत प्रायश्चित्त सांगितलं. इंग्रजांचं राज्य असताना हा विषय पडद्यावर आला, याचं मला फार अप्रूप वाटतं. सिनेमा कसा आहे ते सर्वांना ठाऊक आहे. तो बघून घरात काय बदललं, काय खटकलं, ते लिहा.

रामबागेतून, निवृत्त शिक्षिका
आमचे अण्णा सरकारी गोदामावर होते. दिवाळीत कोणी व्यापारी मिठाईचा डबा ठेवून गेला की अण्णा त्याच पावली तो परत करायला निघायचे. “कोणत्या हिशोबात देऊन राहिले हे?” एवढंच विचारायचे. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री हे त्यांचं दैवत. शास्त्रीबुवा घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवत, ही गोष्ट आम्ही जेवताना ऐकत मोठे झालो. मला अण्णांचा अभिमान आहेच. पण दुसरी एक कथा निघाली की आई गप्प व्हायची. पेशव्यांच्या वाड्यातून शास्त्रीबुवांच्या पत्नीला दागिने घालून पालखीत पाठवलं, तर शास्त्रीबुवा दारातच म्हणाले, बाई, तुमचं घर चुकलं. एकदा आई बोलली, “सगळ्यांदेखत पालखीतून उतरताना तिला काय वाटलं असेल, ते कोणी सांगतच नाही.” अण्णांची सचोटी आम्ही चारचौघांत मिरवली, पण त्या पगारात पाच माणसांचं भागवलं आईने. या सिनेमाबद्दल लिहायचं तर मला आधी तेच लिहावंसं वाटतं.

उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात वकिली करतो
शिक्षा सुनावली त्याहून मोठी गोष्ट पुढची. तिची अंमलबजावणी होणार नाही हे दिसताच शास्त्री पद आणि पुणं दोन्ही सोडून वाईकडे निघून गेले. बारभाईंनी, म्हणजे राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, राघोबांना दूर केल्यावर ते पुन्हा न्यायासनावर आले. आमच्या धंद्यात काही जण म्हणतात, खुर्ची सोडली की तिथे वाईट माणूस बसतो. मला हे पटत नाही. ज्याच्या निकालाला किंमत नाही त्याने बसून राहणं म्हणजे अन्यायाला शिक्का देणं. आणि नारायणरावांच्या आधीचे पेशवे माधवराव, त्यांनाही श्रेय द्या. जपजाप्यात वेळ जातो म्हणून शास्त्रींनी त्यांना तोंडावर सुनावलं, राज्य सांभाळा नाहीतर गंगाकाठी जा, असं सांगतात. त्या धन्याने ते ऐकलं. असा धनी नसता तर शास्त्रींचं पुण्यात काय चाललं असतं?

मल्हारगंज
इंदूरकरांना राघोबा परका नाही. १७६७ मध्ये अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव होळकर गेल्यावर तो फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आला होता. अहिल्याबाईंनी लढायची तयारी केली, महादजी शिंद्यांनी राघोबाला साथ दिली नाही, आणि मग स्वारी म्हणे सांत्वनासाठीच आली होती! माझी आजी सिनेमा बघताना म्हणायची, पुण्याने त्याला १७७३ मध्ये ओळखलं, आपल्या बाईंनी आधीच ओळखलं होतं.

सुदामा नगर
ललिता पवारांची आनंदीबाई विसरता येत नाही, आणि मला तिथेच अडचण आहे. ‘ध’चा ‘मा’ तिने केला याला भक्कम पुरावा नाही. तरी आमच्याकडे नणंद, काकू, जाऊ जरा स्पष्ट बोलली की ‘आनंदीबाई’ हे नाव तयार! जो सिनेमा पुराव्यावाचून कोणाला दोषी धरू नका असं शिकवतो, तो बघून आपण एका बाईला मात्र पुरावा न मागता दोषी धरतो. मुलीला सिनेमा दाखवला तेव्हा हे आधी सांगितलं.

राजेंद्र नगर
आजोबांना शेवटी कोणी ओळखू येत नव्हतं, पण या सिनेमातलं शांताराम आठवल्यांचं ‘दोन घडीचा डाव’ हे गाणं लावलं की ते हाताने ठेका धरायचे.

इंदूरहून, निवृत्त अभियंता
रामबागेच्या ताईंच्या आईंचं म्हणणं वाचलं म्हणून लिहितो. एका पुलाचं काम अर्धवट होतं आणि पूर्ण झाल्याची सही माझ्याकडे मागत होते. रात्री घरी येऊन आधी बायकोला विचारलं, कारण बदली झाली तर मुलांची शाळा मोडणार होती, तिची शिकवणी बंद होणार होती. ती म्हणाली, “पुलावरून लोक जाणार आहेत ना? मग सही करू नका. मी उद्या मुलांचे शाळेचे दाखले काढायला जाते.” बदली आठवडाभरात आली. दाखले तोवर तिने आणले होते.