तार बदला, कानस नंतर

भाऊ, ड्रिलच्या १८ व्होल्ट बॅटरीचा अ‍ॅडॉप्टर कानस मारून मॉडेल विमानाचं इंजिन फिरवायच्या स्टार्टरच्या मागे बसवला, पण दोन झटक्यांत तार तापते म्हणता. फिटिंग ठीकच आहे, तार बारीक आहे. ग्लो इंजिन (तापत्या प्लगवर पेटणारं मॉडेलचं छोटं इंजिन) कॉम्प्रेशनवर अडलं की मोटर एकदम जास्त करंट ओढते. मी इतवारी बाजारातून १२ गेजची जाड सिलिकॉन तार आणून लावली. सोल्डरचा डाग देताना पहिला अ‍ॅडॉप्टर वाया गेला: प्लास्टिक मऊ पडलं अन् पितळी पाती तिरपी झाली. दुसऱ्या वेळी पाती पक्कडीत धरली, उष्णता पक्कडीत गेली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

दुसरं म्हणजे १८ ची बॅटरी फुल चार्जला २१ व्होल्ट देते अन् स्टार्टर १२ चा. इंजिनात इंधन तुंबलं असेल तर इतक्या जोरात कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून आधी हाताने फिरवा. मी तर सरळ तीन सेलच्या, साधारण १२ व्होल्टच्या बॅटरीवर आलो. १८ वरच राहायचं असेल तर मीटर जवळ ठेवा, बॅटरी १५ व्होल्टवर उतरली की थांबा. बऱ्याच बॅटऱ्यांचा कटऑफ (फार उतरली की बंद करणारी सोय) ड्रिलमध्ये असतो, बॅटरीत नाही. अन् मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत विसरू नका बाप्पा!