३०१८ सीएनसीचा एक्स अक्ष डुगडुगतोय, बेअरिंग कोणतं घेऊ? (बजेट दोन हजार)

भुसावाला

नमस्कार मंडळी. सावंतवाडीत राहतो, नोकरी सांभाळून घरी सागवानात नावाच्या पाट्या आणि मखराच्या जाळ्या कोरून देतो. मशीन साधं ३०१८, म्हणजे ३० बाय १८ सेंटीमीटरचं, संगणकावर चालणारं कोरीव मशीन. चालवायला जीआरबीएल सॉफ्टवेअर, ७७५ मोटर, कटर धरायला ईआर११ कोलेट. एक्स आणि वाय दोन्हीकडे १० मिमीचे गोल रॉड, त्यावर सरकणारी एलएम१०यूयू ही गोळ्यांची बेअरिंग, ब्लॉक प्लॅस्टिकचे.

हल्ली स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) हातात धरून पुढे-मागे हलवलं की खडखड येते. अक्षरांच्या कडांना दुहेरी रेघ दिसते आणि 'ठ'चा गोल लांबोडका होतो. गणपतीच्या ऑर्डरी घेऊन बसलोय, गिऱ्हाईक रोज फोन करतंय. एक्सची चारही बेअरिंगं बदलायचा विचार आहे. कुठली घेऊ? बजेट दोन हजार, त्यावर एक रुपया नाही. घरी परवानगी तेवढीच मिळालीय.

रेलवाला_पुणे

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गोल रॉडचं मशीन हे खेळणं आहे. मी पण त्यातनंच गेलोय. शेवटी वैतागून १५ मिमीच्या चौकोनी लिनिअर रेलचं मशीन बनवून घेतलं, सगळं मिळून ऐंशी-पंच्याऐंशी हजार. आता सागवानात एका पासला (कटरच्या एका फेरीत) ३ मिमी खोल जातो, आवाजसुद्धा बदलत नाही. एकदाच खर्च करा, सुखी व्हा.

भुसावाला

दादा, बजेट दोन हजार लिहिलंय.

रेलवाला_पुणे

हो, वाचलं. पण दोन हजार वाया घालवण्यापेक्षा साठवा, असं म्हणतोय.

उद्यमनगरी

भावा, आधी रोग कुठं आहे ते बघ, मग औषध. गोल बिघडला की लोक डायरेक्ट बेअरिंगच्या नावानं शंख करतात.

मशीन चालू ठेव, मोटरा लॉक असू देत. जीआरबीएलमध्ये डॉलर-एक ($१) या सेटिंगची किंमत २५५ केलीस की मोटरा सुटत नाहीत. आता कॅरेज (स्पिंडल घेऊन रॉडवर सरकणारा भाग) फक्त डावी-उजवीकडं ढकल. त्या दिशेला हललं तर स्क्रूवरचा पितळी नट झिजलाय किंवा त्याची स्प्रिंग बसलीय, बेअरिंगचा काही संबंध नाही. मग स्पिंडलचं खालचं टोक पुढं-मागं ओढ. सगळं कॅरेज रॉडभोवती डुललं तर बेअरिंग किंवा ब्लॉक. कॅरेज गप्प आणि नुसता कोलेट हलला तर मोटरचं पुढचं बेअरिंग गेलंय.

शिवाय एमडीएफच्या तुकड्यावर ५० मिमीचा गोल काप. घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या दोन जागी चपटा आला तर एक्सचा नट. बारा आणि सहाला चपटा आला तर वायचा. चपटा कुठंच नाही, पण कडेला लाटा आणि दुहेरी रेघ, तर कॅरेज डुलतंय.

डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) असेल तर बेस्ट. नसेल तर लेथवाल्याकडं तासभर माग, देतात.

माख_तीन

बॅकलॅश, म्हणजे नटातली ढिलाई, असेल तर सॉफ्टवेअरमध्ये भरून टाका की! मी ०.१५ भरलाय, तेव्हापासून कटकट नाही.

उद्यमनगरी

ते तुमच्या माख३ सॉफ्टवेअरमध्ये. साध्या जीआरबीएलमध्ये ती सोयच नाही. आणि डुलणारं कॅरेज सॉफ्टवेअरनं कसं थांबणार?

माख_तीन

मग माख३ वर या. कोणी अडवलंय?

नागदेवीकर

बेअरिंग घ्यायचंच तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा. ऑनलाइनच्या नादी लागू नका. मी ऑनलाइन दहाचं पाकीट मागवलं होतं, त्यातली निम्मी रॉडवर घातल्याबरोबर लटपटत होती आणि एकाच्या गोळ्या हातातच ओघळल्या. दुकानात निदान रॉडचा तुकडा खिशात घेऊन जाता येतं. घालून बघायचं, उभं धरायचं. बेअरिंग स्वतःच्या वजनानं हळू उतरलं तर ठीक. धाडकन खाली आलं तर परत द्यायचं. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

डुप्लिकेट तिथंही आहेत म्हणा. मोठ्या कंपनीच्या खोक्यात काय असेल सांगता येत नाही. एसकेएफचं तर खोकं तपासायला वेगळं ॲपच आहे, त्यावरून काय ते समजा.

भुसावाला

सावंतवाडीहून नागदेवीला जायचं म्हणजे निम्मं बजेट गाडीभाड्यातच संपेल :)

खोबरेल

एवढं कशाला? तेल घाला. माझं मशीन खोबरेल तेलावर मस्त चालतं. घरात असतंच.

नागदेवीकर

खोबरेल?? थंडी पडली की बाटलीत गोठतं ते बेअरिंगमध्ये गोठणार नाही का? लिथियम ग्रीस थोडंसं बेअरिंगच्या *आत* भरायचं, रॉड कोरडा पुसून ठेवायचा.

खोबरेल

आमच्या रत्नागिरीत कधी गोठलेलं बघितलं नाही.

सुकं_बरं

ग्रीस अजिबात नको. ग्रीसला भुसा चिकटतो आणि गोळ्यांमध्ये पॉलिशपेपरचं काम करतो. मी काहीच लावत नाही.

नागदेवीकर

काहीच न लावता गोळीचं बेअरिंग? मग गंज आल्यावर नवा धागा काढालच, भेटू तिथे.

कोलोनकर

मी जर्मनीत असतो. इथे हॉबीवाल्यांनी गोळ्यांची बेअरिंगं कधीच सोडली. इगस कंपनीची प्लॅस्टिक बुश (गोळ्या नसलेली, रॉडवर सरकणारी नळी) घ्या, आरजे४जेपी मालिका, १० मिमीची. माप एलएम१०यूयूचंच: बाहेरून १९, लांबी २९. तेल नाही, ग्रीस नाही, भुशाची चिंता नाही. कंपनी इथे कोलोनचीच आहे, मला दोन दिवसांत घरपोच आली. भारतातही मिळतात.

एक सांगतो, नाहीतर शिव्या द्याल. हातात घेऊन रॉडवर घातली तर ती ढिलीच वाटतात. ब्लॉकच्या भोकात घट्ट दाबून बसली की आतून आवळतात आणि माप बरोबर येतं. ब्लॉक सैल असेल तर इगस काय नि आणखी काय, हलणारच.

रेलवाला_पुणे

प्लॅस्टिक बुशवर सागवान कोरणार? शुभेच्छा.

पटाशी

मुळात हाताने कोरलं तर बेअरिंगचा प्रश्नच येत नाही. सावंतवाडीसारख्या गावात, जिथे चितारआळीत लाकडी खेळणी हाताने होतात, तिथे मशीनच्या जाळ्या! असो. आमचं कोण ऐकतंय.

भुसावाला

काका, पटाशीने एक मखर होईस्तोवर पुढचा गणपती येईल. मला आठला ऑफिस गाठायचं असतं.

शिमवाला

बेअरिंग नवीन असो की जुनं, ते ब्लॉकमध्ये घट्ट आहे का हे आधी बघा. माझ्या मशीनला बेअरिंग ठणठणीत होतं आणि ब्लॉकचं १९ चं भोकच मोठं झालं होतं. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनचा पत्रा कापला, साधारण ०.१ मिमी असतो, बेअरिंगभोवती एक फेर दिला आणि दाबून बसवलं. कडा आधी घासून घ्या, नाहीतर बोट कापतं. खर्च शून्य, आणि कॅनमधलं पिऊन झालेलं असतं.

लॉकटाइट_भक्त

पत्रा वगैरे जुगाड सोडा. बेअरिंग चिकटवायचं लॉकटाइट ६४१ लावा, कायमचं काम. ६३८ अजून मजबूत, पण ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. पुढे बेअरिंग काढायचं असेल तर ६४१ च.

उद्यमनगरी

त्याचे ब्लॉक प्लॅस्टिकचे आहेत, पहिल्या पोस्टमध्येच लिहिलंय. ती लॉकटाइटं धातूला धातू लागून हवा बंद झाली की सुकतात. प्लॅस्टिकवर धड सुकत नाहीत, आणि काही प्लॅस्टिकला तर त्यानं तडे जातात. तिथं पत्रा, नाहीतर चिमूटभर अरल्डाइट.

लॉकटाइट_भक्त

माझे ॲल्युमिनियमचे आहेत, मला काही त्रास झाला नाही.

जुना_फिटर

आमच्या काळी लूज भोकाला सेंटर पंचचे ठिपके मारायचे, बेअरिंग हातोडीने बसवायचं, विषय संपला. तीस वर्षं मिलमध्ये हेच केलं.

उद्यमनगरी

काका, मिलच्या पंख्याला चाललं असेल. इथं पंचच्या टोकांवर बेअरिंग तिरकं बसलं तर रॉड जाम होईल. आणि प्लॅस्टिकला पंच?

जुना_फिटर

मी पंख्याचं बोललोच नाही. लूमचं बोलतोय.

शांतताप्रिय

थोडं अवांतर. फ्लॅटमध्ये चालवता का हे मशीन? आमच्या वरच्या मजल्यावर एक महाभाग रात्री अकरानंतर चालवतो. सोसायटीत तक्रार केली तर म्हणे "स्टार्टअप आहे".

सुकं_बरं

खाली रबरी चटई टाकायला सांगा. आणि एमडीएफ कापत असेल तर मास्कही लावायला सांगा, तो भुसा फार वाईट. सागवानानेही काहींना शिंका आणि खाज सुटते.

भुसावाला

मंडळी, तपासलं. उद्यमनगरींनी सांगितल्याप्रमाणे केलं, डायल गेज ओळखीच्या लेथवाल्याकडून आणला.

डावी-उजवीकडे ढकलून ०.०४ मिमी, म्हणजे नट बरा म्हणायचा. गोल चपटा कुठेच नाही. पण स्पिंडलचं टोक पुढे-मागे ओढलं की काटा ०.४ च्या पुढे! बेअरिंग ब्लॉकमध्ये घट्ट आहेत, डुलणं आतल्या गोळ्यांपाशी. आणि रॉडवर नख आडवं फिरवलं तर अडकतं. खालच्या रॉडवर मधल्या भागात बारीक चमकदार चरे पडलेत, बरोबर गोळ्यांच्या रेषेत. रोजचं काम तिथेच होतं. कडेला, जिथे कॅरेज जात नाही, तिथे रॉड गुळगुळीत.

उद्यमनगरी

आला चोर हातात. रॉड मऊ आहे. स्वस्त मशीनला कधीकधी साधा स्टेनलेसचा रॉड देतात, आणि गोळ्यांच्या बेअरिंगला कडक केलेलाच रॉड लागतो, नाहीतर गोळी चर पाडतेच. अशा रॉडवर नवी बेअरिंगं घातलीस तर पैसे पाण्यात.

पण फुकटचा इलाज ऐक. एलएम१०यूयूमध्ये गोळ्यांच्या चार ओळी असतात. दोन्ही टोकांचे क्लॅम्प सैल कर आणि रॉड जागच्या जागी पंचेचाळीस अंश फिरव. गोळ्या कोऱ्या जागेवर चालतील. क्लॅम्प परत आवळताना कॅरेज त्या-त्या टोकाशी नेऊन मग आवळ, म्हणजे दोन्ही रॉड समांतर राहतात. सणापुरतं निभावेल. मग सावकाश कडक क्रोम रॉड घे.

रेलवाला_पुणे

हेच तर मी म्हणत होतो. गोल रॉड = डोकेदुखी.

कोलोनकर

मऊ रॉडवरही इगस चालतात, गोळ्याच नसल्यामुळे चर पडत नाहीत. म्हणून तर म्हणालो.

नागदेवीकर

रॉड बदला. कडक क्रोमचा घ्या आणि घेताना कानशीचा कोपरा टोकाला घासून बघा. कानस घसरली तर कडक, खाल्लं तर मऊ.

आमचो_कुडाळ

बाबा, कशाक मुंबय नि जर्मनी करतंस? कुडाळ एमआयडीसीत लेथवाले आसत. गनमेटलचो (तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचो) बुश करून घे, १९ बाय १०, आत रीमर मारून भोक नेमक्या मापाचा करून. उद्या सांजपर्यंत हातात. माझ्या मशीनाक तेच आसत.

उद्यमनगरी

गनमेटल वाईट नाही, पण दोन रॉडवर चार बुश म्हणजे जरा जरी तिरकं बसलं तर कॅरेज अडकतं. शिवाय तेल लागणार आणि तेलात भुसा मिसळून लगदा होणार. मी तरी आत्ता रॉड फिरवून काम काढलं असतं.

कोलोनकर

+१. गनमेटल नको.

नागदेवीकर

गनमेटल नको. नवीन रॉड आणि चांगली बेअरिंगं.

लॉकटाइट_भक्त

कुठलंही बसवा, पण ६४१ ने बसवा.

भुसावाला

सगळ्यांचे आभार, पण गनमेटलचेच बुश करून घेतले. रॉड आधी फिरवून पाहिला होता. काटा ०.४ वरून ०.२ वर आला, पण पाटीवर रेघ दिसतच होती, म्हणजे बेअरिंगही गेलेलीच होती. कुरिअरची वाट बघण्याइतका वेळ नाही आणि लेथवाला ओळखीचा.

चार बुश, मजुरी-मालासकट ११०० रुपये. पहिल्या दिवशी कॅरेज अडकत होतं. वरच्या रॉडचे क्लॅम्प सैल ठेवून, कॅरेज हाताने टोकापासून टोकापर्यंत सरकवत हळूहळू आवळत गेलो तेव्हा मोकळं झालं. प्रत्येक बुशाला वरून बारीक भोक पाडून घेतलंय, त्यात शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. दोन्ही बाजूंना फेल्टच्या चकत्या लावल्यात, भुसा बाहेरच पुसला जावा म्हणून.

आता टोक ओढलं तर काटा ०.०६. दुहेरी रेघ गेली. मोटर मात्र आधीपेक्षा जास्त तापते, आणि फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) ६०० वरून ३५० वर आणावा लागला, नाहीतर स्टेप चुकते. खोली एका पासला अर्धा मिमी. जाळीला वेळ जास्त लागतो, पण जाळी सरळ येते.

उद्यमनगरी

०.०६ म्हणजे झकास रे! फेल्टचं चांगलं केलंस. मोटरच्या ड्रायव्हरचा करंट लगेच वाढवू नकोस, आधी बुश थोडे दिवस रुळू देत. आणि तेलाचा लगदा दिसला की पुसून काढ, वरून नवीन तेल ओतत बसू नकोस.

रेलवाला_पुणे

फीड ३५०? माझं १५०० ला चालतं. असो, अभिनंदन.

खोबरेल

शेवटी तेलच लागलं ना.

पटाशी

जाळीचा फोटो टाका की. सागवान आहे की शिवण, तेवढं तरी बघू द्या.

शांतताप्रिय

त्या रबरी चटईची जाडी किती घ्यायची? वरच्याला भेट देणार आहे.