मदत हवी आहे: ७८ च्या तबकड्यांसाठी कोणती सुई?

आजोबांच्या ट्रंकेत नाट्यसंगीताच्या लाखेच्या वीसेक तबकड्या सापडल्या, ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या). माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स टर्नटेबल (तबकडी वाजवायचं यंत्र) आहे, त्यामुळे वेगाची अडचण नाही. पण सोबत आलेल्या व्हीएम९५ई कार्ट्रिजची (सुई बसते तो छोटा भाग) सुई एलपीसाठीची, म्हणजे नंतरच्या बारीक खोबणीच्या तबकड्यांसाठीची. या रुंद खोबणीत ती तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त. व्हीएमएन९५एसपी ही ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड टोकाची सुई त्याच कार्ट्रिजवर बसते. मात्र तिला ५ ग्रॅम भार लागतो, आणि टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या वजनावर आकडे ४ पर्यंतच! भार मोजायचा छोटा वजनकाटा आणून मागचं वजन ४ च्याही पुढे फिरवत न्यावं, की हेडशेलवरच (दांड्याच्या टोकाला, जिथे कार्ट्रिज बसतं) काही चिकटवावं? कुणी प्रत्यक्ष केलंय का? तबकड्या कशाने पुसाव्यात तेही सांगा. (स्पिरिटने लाख विरघळते, एवढं माहीत आहे.)