जुने आउटबोर्ड पुन्हा बांधावे की नवे घ्यावे?

कर्लीकाठ (मूळ प्रश्न):
देवबागला आमच्या घरी १५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे मशीन, आहे. वडिलांनी घेतलेले हे मशीन आजवर गिलनेटच्या छोट्या होडीवरच वापरले गेले. मे महिन्याच्या अखेरीस बाहेरून परतताना कर्ली नदीच्या मुखाशी ते एकाएकी मंदावले आणि एका सिलिंडरवर रखडत कसेबसे किनाऱ्याला लागले. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजले तेव्हा वरच्या सिलिंडरचे ११५ पीएसआय भरले, खालच्याचे अवघे ७०. मेस्त्रींचे म्हणणे असे, की सिलिंडर बोअर करून (आतून किंचित रुंद कापून) मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा टाकाव्यात, क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) सीले बदलावीत, म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत मशीन उभे राहील. मेहुण्यांचा हिशेब वेगळा आहे : सुटे भाग, लेथचे काम आणि मजुरी धरली तर खर्च नव्या मशीनच्या निम्म्याच्या आसपास जातो, मग त्यात थोडी भर घालून फोर-स्ट्रोक का घेऊ नये? १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असल्यामुळे विचाराला वेळ आहे. लेग, म्हणजे पंख्याकडे जाणारा खालचा भाग, चांगल्या स्थितीत आहे. गिअरचे ऑइल काढले ते स्वच्छ निघाले, दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात पाणी शिरलेले नाही. माझा कल पुनर्बांधणीकडे आहे. ज्यांना तो चुकीचा वाटतो त्यांनी कारणांसह लिहावे.

जेटीवरून:
मला तो चुकीचा वाटतो. आपण खर्चाची तुलना केलीत, पण मशीन कोठे मंदावले याला या प्रश्नात सर्वाधिक महत्त्व आहे. ओहोटीचा ओघ बाहेर जात असतो आणि समुद्राच्या लाटा आत येत असतात, तेव्हा खाडीच्या मुखावर लाट उभी राहते; त्या पट्ट्यात मशीन क्षणभर जरी गुदमरले तरी होडी आडवी होते, आणि आडव्या होडीला वल्ह्याने सरळ करायला तेथे उसंत मिळत नाही. तारकर्लीला मी पर्यटकांची बोट चालवतो. प्रवासी घेऊन जाणाऱ्याला मेरीटाइम बोर्डाचा परवाना लागतो, पण परवाना नसता तरी दुरुस्त केलेल्या जुन्या मशीनवर मी कोणाला बसवले नसते. पिस्टन नवे घातले तरी क्रँकचे बेअरिंग, ठिणगीसाठी वीज देणारे स्टेटर आणि कॉइल, वायरिंग हे सारे जुनेच राहते, आणि खाऱ्या हवेत मुरलेली कॉइल आधी सूचना देऊन बंद पडत नाही. शिवाय कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर जाण्याचे आणि ताजे मिश्रण आत येण्याचे मार्ग एकाच वेळी उघडे असतात, त्यामुळे पेट्रोलचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, न जळताच बाहेर पडतो. म्हणजे आपण आता जे वाचवाल, ते हंगाम सुरू झाला की पंपावर मोजाल.

लेथवाला:
जेटीवरून यांचा इंधनाचा मुद्दा खरा आहे. मात्र जुने आहे म्हणून बेभरवशाचे, हे मला मान्य नाही. माझ्या टेबलावर अशी मशीने येतात, आणि ज्यांचे पुढे बरे चालते त्यांचे वय पाहून ते सांगता येत नाही. ते सांगतो क्रँक. या जपानी धाटणीच्या मशीनचा क्रँक अनेक तुकडे प्रेसमध्ये दाबून बसवून तयार केलेला असतो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये खारे पाणी शिरून गंज धरला असेल, तर तो क्रँक सोडवून पुन्हा अचूक सरळीत बसवणे हे साध्या कार्यशाळेचे काम नाही, आणि नवा क्रँक घातला की मेहुण्यांचा हिशेब बिनतोड ठरतो. म्हणून बोअरचा विचार करण्याआधी हेड (सिलिंडरचे झाकण) काढून रॉड सरळ वर-खाली ओढून पाहावा. हाताला खटका जाणवला तर तेथेच थांबावे आणि मशीन सुट्या भागांसाठी विकावे. रॉड बाजूला किंचित हलतो, ते चालते. वर-खाली हललेला चालत नाही. खटका नसेल, तर बोअरची झीज वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आडवे-उभे माप घेऊन तपासावी. ओव्हरसाइज पिस्टन पाव आणि अर्धा मिलिमीटरच्या टप्प्यांत मिळतात, तेव्हा मशीनमध्ये अजून एखाद-दुसरी बोअर शिल्लक आहे का, हे त्यावरून कळते. एकच सिलिंडर करून पैसे वाचवू नयेत. गॅस्केट आणि मजुरी दोन्हीकडे तितकीच लागते.

पेट्रोल-पाणी:
वरील दोघांनीही एक प्रश्न विचारला नाही : खालचे सिलिंडर मुळात गेले कशाने? त्याचे उत्तर मिळण्याआधी पैसे घातले, तर नवे पिस्टनही त्याच वाटेने जातील. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते. टाकी अर्धी भरून दमट हवेत पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन तळाशी बसतात, आणि टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. पाइप तळातूनच ओढतो, म्हणजे सिलिंडरमध्ये तेलाशिवायचा थर जातो. दुसरे असे, की इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण विरळ पडते आणि विरळ मिश्रणावर पिस्टन अधिक तापतो. आणि तिसरे, नेहमीचेच कारण, म्हणजे थंडाव्याच्या वाटांत साचलेले मीठ. पिस्टनवरचे ओरखडे नीट वाचावेत : ते सर्व बाजूंनी असतील तर बहुधा तेलाचा अभाव, एग्झॉस्ट पोर्टच्याच (जळालेला वायू बाहेर जाण्याच्या वाटेच्याच) बाजूला असतील तर बहुधा ताप किंवा विरळ मिश्रण. जेटीवरून यांना एवढेच विचारतो, की नव्या मशीनला आपण कोणते वेगळे पेट्रोल घालणार आहात?

जेटीवरून:
पेट्रोल तेच घालीन, पण नव्या मशीनच्या नळ्या आणि इंधनपंपाचा पडदा इथेनॉल धरून बनवलेले असतात, जुन्याचे नाहीत. ते फुगतात आणि त्यांचा चुरा जेटमध्ये जाऊन बसतो. तेव्हा आपलाच मुद्दा माझ्या बाजूने जातो. लेथवाल्यांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. क्रँक चांगला निघाला तर मशीन खाडीत वापरण्याजोगे होईल. माझा आक्षेप मुखाबाहेर नेण्याला आहे.

वाळूवरून:
फोर-स्ट्रोक सुचवणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट. १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक साधारण ३६ किलोंचे असते, त्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक ५० किलोंच्या आसपास जाते. ज्यांची होडी जेटीला बांधलेली असते त्यांना हा फरक कागदावरचा वाटेल. आमच्याकडे होडी रोज वाळूवर ओढतात आणि मशीन काढून खांद्यावरून घरी नेतात. मऊ वाळूत पाय रुतत असताना हे जास्तीचे १४ किलो कंबरेला कळतात. टू-स्ट्रोक पाणी निथळले की कोणत्याही कुशीवर ठेवता येते. फोर-स्ट्रोक कंपनीने सांगितलेल्या बाजूवरच ठेवावे लागते, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरते, आणि घरात पोरेबाळे असली की ते कोणी ना कोणी दुसऱ्या कुशीवर ठेवतेच. हंगामात मध्येच ऑइल बदलण्याची शिस्तही पाळावी लागते. पेट्रोल वाचते हे नाकारत नाही. दिवसभर चालणाऱ्या बोटीत ते लवकर भरून निघेल; पहाटे जाळे टाकून सकाळी परतणाऱ्याला मात्र त्यासाठी बरीच वर्षे थांबावे लागेल.

कर्लीकाठ:
सर्वांचे आभार. लेथवाला यांनी सांगितल्याप्रमाणे मेस्त्रींच्या समोर बसून हेड उघडले. रॉडला वर-खाली खटका नाही. खालच्या पिस्टनवर एग्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आहेत, बाकी घेर स्वच्छ आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापले की थंडाव्याच्या पाण्याची वाट उघडणारी झडप, मिठाने बंद अवस्थेतच धरला होता. नखाने खरवडावे तसा पांढरा थर पाण्याच्या वाटांतही निघाला, आणि पाणीपंपाच्या रबरी इम्पेलरच्या पात्या एका बाजूला कायमच्या वाकलेल्या होत्या. म्हणजे तेल कमी पडले नव्हते, मशीन तापले होते. पेट्रोल-पाणी यांचे तिसरे कारण लागू पडले, पण नळ्या आणि इंधनपंपाचा पडदा मी तरीही बदलतो आहे. दोन्ही सिलिंडर पाव मिलिमीटरने बोअर होतील. मेस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाका म्हणत होते. त्याला मी नकार दिला, कारण मग मशीन मंद गतीवर थंडच राहते आणि प्लग काळे होतात.

लेथवाला:
निर्णय योग्य आहे. पहिले १० तास २५ लिटर पेट्रोलला १ लिटर ऑइल या प्रमाणात खाडीतच, मध्यम गतीवर चालवावे, एका गतीवर फार वेळ ठेवू नये. त्यानंतर ५० ला १. कॉम्प्रेशन त्यानंतर पुन्हा मोजावे. दोन सिलिंडरांत १० टक्क्यांहून अधिक फरक निघाला, तर मेस्त्रींना परत बोलवावे. रोज किनाऱ्याला आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन थोडे चालवले, तर थर्मोस्टॅट पुन्हा असा धरणार नाही.

जेटीवरून:
माझे मत बदललेले नाही, पण निर्णय झालाच आहे तर दोन गोष्टी कराव्यात. कॉइल आणि प्लगच्या टोप्या याच वेळी नव्या घाला, कारण पिस्टनच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ आहे. आणि हा हंगाम संपेपर्यंत मुखाबाहेर जाताना नांगर दोरासकट नाळीवर (होडीच्या पुढच्या टोकावर) मोकळा तयार ठेवा. फळीखाली बांधलेला नांगर त्या पट्ट्यात हाताला लागत नाही.

कर्लीकाठ:
कॉइलची मागणी आजच नोंदवली. नांगराचा दोर आखूड आहे, तो बदलतो.