मदत हवी आहे: फॅटी लिव्हर ग्रेड २ आणि इन्सुलिन रेझिस्टन्स, काढे चालू ठेवावेत का?

मांजराकाठ
घरातल्या एका माणसासाठी विचारायलोय. वय ४४, वजन ८२ किलो, उंची ५ फूट ६ इंच, कंबर १०२ सेंमी. दारू अजिबात नाही. सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर. एसजीपीटी ८१, एसजीओटी ४८ (लिव्हरला इजा झाली की हे दोन्ही रक्तात वाढतात), बिलिरुबिन नॉर्मल, प्लेटलेट २.४ लाख. उपाशीपोटी साखर १०८, इन्सुलिन १८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणानंतर मेटफॉर्मिन ५०० दिलीय.

त्याशिवाय सध्या पोटात जातंय ते असं: सकाळी गुळवेलीचा काढा, दुपारी चमचाभर दालचिनी पावडर कोमट पाण्यात, रात्री हळद-मिऱ्याची कॅप्सूल आणि पाहुण्यांनी दिलेला 'लिव्हर साफ' करायचा पुडा. पुड्यावर काय काय घातलंय ते लिहिलेलंच नाही. यातलं काय ठेवायचं, किती, आणि गोळीसोबत चालतं का? "डॉक्टरांना विचारा" हे मान्यच आहे, पण काय विचारायचं तेही सांगा.

खलबत्ता
पुडा आधी बंद. घटक लिहिलेले नाहीत म्हणजे उद्या एसजीपीटी दोनशेवर गेलं तर डॉक्टर शोधणार काय? अशा चूर्णांत जड धातू किंवा ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातल्याचीही उदाहरणं आहेत.

गुळवेलही थांबवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मांडल्या, त्यांत ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर उलटते त्या) प्रकारचा हिपॅटायटिस दिसला होता. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, चुकीची वेल वापरली असेल असा त्यांचा मुद्दा. वाद कुणीही जिंको, एसजीपीटी आधीच वाढलेल्या माणसाने त्यात पडायचं कारण नाही. थायरॉइड, सांधे, सोरायसिस असे ऑटोइम्यून आजार घरात असतील तर मुळीच नको.

हळदीचं लोक उलटं समजतात. भाजी-वरणातली हळद खुशाल खा. कॅप्सूलमध्ये मात्र काढून गाळून घट्ट केलेलं कर्क्युमिन असतं, आणि ते रक्तात जास्त उतरावं म्हणून मिऱ्याचा अर्क घालतात. लिव्हर बिघडल्याच्या नोंदी बहुतेक अशाच जास्त शोषल्या जाणाऱ्या प्रकारांच्या आहेत. ग्रीन टीचंही तेच. कपातला चहा वेगळा, वजन घटवायच्या गोळीतला अर्क वेगळा.

दालचिनीची कांडी हातात घेऊन बघा. जाड, टणक, एकच गुंडाळी आणि बोटांनी मोडत नाही, तर ती कॅसिया. आपल्याकडे किराणा दुकानात बहुधा हीच मिळते. सिलोनची साल कागदासारखी पातळ असते, एकात एक पदर असतात, आणि चुरली की लगेच भुगा होतो. कॅसियात कुमारिन (जास्त झालं तर लिव्हरला त्रास देणारं द्रव्य) असतं, त्याची युरोपातली रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ८२ किलोला ८.२. चमचाभर पावडर साधारण अडीच ग्रॅम भरते, तेवढ्यात ही मर्यादा सहज गाठली जाते. शिवाय पावडर आणली तर ओळखायचं कसं? चहा-मसाल्यापुरती ठेवा.

वरणफळ
मेथी ठेवता येईल. सुरुवात एका छोट्या चमच्याने, साधारण ४ ग्रॅम. अर्धा पेला पाण्यात रात्री भिजवून सकाळी दाणे चावून खायचे, पाणीही प्यायचं. नुसतं पाणी पिऊन दाणे फेकले तर उपयोगाचा चोथा केरात जातो. आठवड्याने पोट फुगत नसेल तर दोन चमचे. बुळबुळीमुळे गोळ्या हळू शोषल्या जातात, म्हणून मेथी आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती फारशी नाही. पुढे ग्लिमेपिराइड (साखर जास्त खाली नेऊ शकणारी गोळी) लागली तर मेथी, कारल्याचा रस, गुडमार या सगळ्यांचा हिशेब डॉक्टरांना द्यावाच लागेल. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी आणि शेंगदाणा-हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनी मेथीचा प्रयोग करू नये.

काळी कॉफी, बिनसाखरेची, दिवसाला दोन कप. काढ्यांपेक्षा लिव्हरच्या बाजूने हिचाच पुरावा बरा आहे.

लॅबवाला_नांदेड
काढ्यांआधी आकडे बघू. इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिन असूनही शरीर त्याला नीट दाद देत नाही): उपाशीपोटी साखर × इन्सुलिन ÷ ४०५, म्हणजे १०८ × १८ ÷ ४०५ = ४.८. साधारण २.५ च्या वर गेलं की रेझिस्टन्स धरतात, त्यामुळे निदानात शंका नाही.

लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज ग्रेडवरून येत नाही, ग्रेड फक्त चरबीचा. त्यासाठी फिब-४: वय × एसजीओटी भागिले (प्लेटलेट हजारांत × एसजीपीटीचं वर्गमूळ). म्हणजे ४४ × ४८ = २११२, खाली २४० × ९ = २१६०. उत्तर ०.९८. १.३ च्या खाली म्हणजे जास्त फायब्रोसिस (व्रण पडून लिव्हर कडक होणं) असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असतं तर थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे. मधे असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी).

डॉक्टरांना विचारा: हिपॅटायटिस बी आणि सी तपासलाय का, थायरॉइड झालंय का, आणि मेटफॉर्मिन लांबली तर बी१२ कधी बघायचं. मेटफॉर्मिन साखरेसाठी आहे, तिने लिव्हरची चरबी जाईल असं धरू नका.

करडईचं_फूल
खरं औषध कंबरेत आहे. वजन ५ टक्के उतरलं की चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांनी सूजही. इथे ते ६ ते ८ किलो. सहा महिन्यांत धरा, महिन्यात नको, उपाशी राहून झपाट्याने उतरवलं तर लिव्हर उलट बिघडू शकतं.

चहा मोजा. पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर, आणि साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, तो मुख्यतः लिव्हरमध्ये जिरतो. गूळ घालून हे टळत नाही. सुशीलाने (भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या पदार्थाने) न्याहारी उरकली तर पोट भरल्यासारखं वाटतं, पण प्रोटीन नसतं, सोबत मोड आलेली मटकी किंवा दोन अंडी घ्या. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकरी म्हणजे चारच, "ज्वारी आहे" म्हणून मोजणी थांबत नाही. वरण घट्ट असू द्या. शेंगदाण्याची चटणी खा, फक्त बुरशी चढलेले दाणे निवडून टाका, त्यातलं अफ्लाटॉक्सिन लिव्हरचं विष आहे आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही. जेवणानंतर १५ मिनिटं चालणं, आणि आठवड्यात दोनदा उठाबशा किंवा वजन उचलणं.

मांजराकाठ
पुडा, गुळवेल, कॅप्सूल आजपासून बंद. वैद्यांनी आरोग्यवर्धिनी ही आयुर्वेदिक गोळीही सुचवलीय. ती?

खलबत्ता
तिच्यात कुटकी (एक कडू वनस्पती) निम्मी असते, पण शुद्ध पारद (पारा), गंधक, ताम्र भस्मही असतं. वैद्यांच्या देखरेखीखाली, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून, ठरावीक मुदतीपुरतीच. दुकानातून आणून आपल्या मनाने महिनोन् महिने घ्यायची चीज नाही. आत्ता थांबा, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर एसजीपीटी कशाने हललं ते कळणार नाही. सहा-आठ आठवड्यांनी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करा, मग ठरवा. तोवर डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज किंवा सतत मळमळ दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात, आणि पुडा फेकला नसेल तर तोही सोबत न्या.