.338 लापुआसाठी प्रेस : साधी ओ-चौकट पुरेशी आहे, की .50 ची अवजड प्रेस घ्यावी?

कोलोरॅडोकर :
अमेरिकेत .300 विंचेस्टर मॅग्नम आणि .338 लापुआ मॅग्नम ही काडतुसे घरी पुन्हा भरणाऱ्यांमध्ये .50 ब्राउनिंग या त्यांहून बऱ्याच मोठ्या काडतुसासाठी बनवलेली प्रेस (काडतुसाचे भाग साच्यात दाबण्याचे हातयंत्र) घेण्याचा आग्रह वाढतो आहे. मला हा आग्रह अनाठायी वाटतो. भरलेल्या .338 लापुआची कमाल लांबी 93.5 मिलिमीटर असते आणि तिच्या डाय (प्रेसमध्ये बसणारे, पुंगळीला आकार देणारे साचे) 7/8 इंच व्यासाच्या, इंचाला 14 आटे असलेल्या नेहमीच्या मापातच मिळतात. आरसीबीएसची रॉक चकर सुप्रीम, रेडिंगची बिग बॉस किंवा लीची क्लासिक कास्ट यांपैकी कोणत्याही ओतीव लोखंडाच्या बंद चौकटीत, म्हणजेच ओ-चौकटीत, हे काडतूस बसते. .50 चे काडतूस 138 मिलिमीटरचे असते, आणि त्याच्यासाठी आखलेल्या प्रेसच्या मुठीचा लांब फेरा लहान पुंगळीवर (काडतुसाच्या पितळी आवरणावर) निव्वळ हात दुखवतो. उरलेले पैसे चांगल्या डाय आणि पुंगळ्यांवर खर्च करावेत, असे माझे मत आहे.

(भारतातील वाचकांसाठी : तेथे शस्त्र अधिनियम, 1959 अन्वये दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. त्यामुळे ही चर्चा अमेरिकेतील छंदापुरतीच समजावी.)

लांबपल्ला :
आपण मापाचा हिशेब मांडलात, पण जोराचा मांडला नाहीत. .338 लापुआची पुंगळी .416 रिग्बीच्या वंशातली आहे. तिचे बूड जाड आणि धड रुंद असते. बंदुकीत फुगलेली अशी पुंगळी डायमध्ये दाबून पूर्ण मापात आणताना जो विरोध होतो, तो .308 विंचेस्टर या लहान काडतुसाच्या तुलनेत बराच जास्त असतो. साधी प्रेस तुटत नाही हे खरे, पण ती किंचित ताणली जाते आणि त्या ताणामुळे पुंगळीचा खांदा (धड निमुळते होऊन मानेला मिळते तो भाग) दर वेळी ठरल्या जागी येत नाही. डाय शेलहोल्डरला (पुंगळीचे बूड धरणाऱ्या खाचेच्या तुकड्याला) टेकवून घट्ट केली, की काम झाले असे पुष्कळ जण समजतात. त्यांनी पुंगळी आत असताना रॅम (शेलहोल्डर वर नेणारा दांडा) पूर्ण वर न्यावा आणि डाय व शेलहोल्डर यांच्या मधून उजेड दिसतो का, ते पाहावे. बहुतेकांना तो दिसेल. शिवाय उद्या .416 बॅरेट घेण्याची इच्छा झाली, तर .50 च्याच पुंगळीपासून बनलेले ते काडतूस तुमच्या साध्या प्रेसच्या आवाक्याबाहेरचे असेल.

कोलोरॅडोकर :
उजेडाची परीक्षा मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. चौकट दर वेळी सारखीच ताणली गेली, तर डाय थोडी आणखी खाली फिरवून ती फट भरून काढता येते. अडचण असते ती ताण कमीजास्त होण्याची, आणि त्याचे मूळ बहुधा पितळेत असते. चार वेळा झाडलेली पुंगळी एकदा झाडलेल्या पुंगळीपेक्षा कडक झालेली असते, म्हणून मापात आणल्यावर ती अधिक उसळून परत येते. प्रेसचे वजन दुप्पट केले तरी पितळाचा कडकपणा बदलत नाही; मान आणि खांदा योग्य रीतीने तापवून मऊ केले, पुंगळ्या झाडण्याच्या संख्येनुसार वेगळ्या ठेवल्या आणि वंगण सर्वत्र सारखे लावले, तर मात्र खांद्याच्या मापातला फरक कमी होतो. शिवाय रेडिंगचे 0.002 इंचाच्या टप्प्यांत वाढत जाणारे शेलहोल्डरही मिळतात. त्यांनी डायला हात न लावता खांदा किती मागे ढकलायचा, हे ठरवता येते.

सरळरेषा :
दोघांचाही वाद चौकटीभोवतीच फिरतो आहे. फॉर्स्टरच्या को-अ‍ॅक्स प्रेसमध्ये डाय आट्यांनी आवळलेली नसते, खाचेत सरकवून किंचित मोकळी ठेवलेली असते; पुंगळीचे बूडही शेलहोल्डरऐवजी जबड्यांत धरले जाते. त्यामुळे दोन्ही आपापसांत एका रेषेत येतात. एक त्रुटी मात्र सांगायला हवी : मूठ वरून जोडलेली असल्यामुळे उंच मायक्रोमीटर असलेली गोळी बसवण्याची डाय तिच्या कमानीला अडखळू शकते, आणि मोठ्या काडतुसांचे शौकीन नेमक्या याच डाय घेतात.

लांबपल्ला :
को-अ‍ॅक्स गोळी बसवण्यासाठी उत्तम आहे, पण कोलोरॅडोकरांनी सुचवलेले टप्प्यांचे शेलहोल्डर तिच्यात थेट वापरता येत नाहीत, कारण तिच्या मूळ रचनेत शेलहोल्डरच नसतो. तेव्हा तुम्हा दोघांचे उपाय सहज एकत्र चालणार नाहीत.

हिशेबी :
दर तासाला किती काडतुसे होतात, हा प्रश्न कोणीच विचारलेला नाही. मुठीच्या एका फेऱ्यात अनेक टप्पे उरकणारी प्रोग्रेसिव्ह प्रेस का नको?

कोलोरॅडोकर :
बंदुकीची लांब दाण्यांची दारू मापकातून सारखी पडत नाही. लांब पल्ल्यासाठी प्रत्येक भार तराजूवर तोलायचाच असेल, तर प्रोग्रेसिव्हचा वेग तिथेच संपतो.

सुतारपक्षी :
साध्या आणि अवजड प्रेसमधली रेषा तुम्ही मानता तितकी ठळक नाही. लीच्या क्लासिक कास्टमधील बुशिंग (डाय ज्यात बसते ती काढता येणारी आट्यांची कडी) काढले, की खाली सव्वा इंची, इंचाला 12 आट्यांचे भोक असते, त्यात लीच्याच .50 च्या डाय बसतात. इतर बहुतेक कंपन्यांच्या .50 च्या डाय दीड इंची असल्यामुळे त्या तिथे जात नाहीत, ही मर्यादा आधीच लक्षात घ्यावी. आणि प्रेस कोणतीही असो, पातळ फळीच्या टेबलावर मूठ दाबली की आधी टेबलच वाकते. लांबपल्ला ज्याला चौकटीचा दोष म्हणत आहेत, तो आपल्या बाबतीत टेबलाचा नाही ना, हे एकदा जाड लाकडावर आरपार बोल्ट टाकून पाहावे.

लांबपल्ला :
माझे टेबल भिंतीला जखडलेले आहे आणि तरीही उजेड दिसतो. .338 पुरतेच थांबणाऱ्याने साधी प्रेस घ्यावी, एवढे मी मानतो; .416 चा विचारही मनात असेल, तर दोनदा पैसे घालण्यापेक्षा अवजड प्रेस आधीच घ्यावी, या मतावर मी ठाम आहे.