जन्मावेळची गुंतागुंत आणि पुढील गुन्हेगारी यांचा संबंध किती?

प्रश्न (ऐरोली): माझ्या भाचीच्या बाळाला जन्मताना प्राणवायू कमी पडला. अशी मुले पुढे हिंसक निघतात, असे एका नातेवाइकांनी संशोधनाचा दाखला देऊन सांगितल्यापासून ती अस्वस्थ आहे. यात तथ्य आहे का?

उत्तर (पाचपाखाडी): नातेवाइकांनी बहुधा रेन, ब्रेनन आणि मेडनिक यांचा १९९४ चा अभ्यास अर्धाच वाचला असावा. कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या ४,२६९ पुरुषांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच्या हिंसक गुन्ह्यांशी संबंध दिसला तो नुसत्या गुंतागुंतीचा नव्हे, तर तिच्या जोडीला पहिल्या वर्षात आईकडून अव्हेर झाला असेल तेव्हाचा. नको असलेले गर्भारपण, गर्भपाताचा प्रयत्न आणि बाळाला संस्थेत ठेवणे हे अव्हेराचे निकष होते. दोन्ही घटक असलेले ४.५ टक्केच होते, पण हिंसक गुन्ह्यांपैकी १८ टक्के त्यांच्या नावावर होते. भाचीचे बाळ मायेच्या माणसांत वाढत असेल, तर हा अभ्यास तिला धीरच देतो.

उत्तर (वाशी): सहमत. शिवाय अहिंसक गुन्ह्यांशी असा संबंध आढळला नाही, आणि ही सरासरी गटाची आहे. तिच्यावरून एका बाळाचे भविष्य वर्तवणे म्हणजे आकडेवारीची कुंडली मांडणे होय.

उत्तर (कळवा): गुन्हेगारीची चिंता सोडून बाळाच्या वाढीकडे लक्ष द्यावे. मान धरणे, नजर स्थिरावणे, आवाजाला प्रतिसाद देणे यांची बालरोगतज्ज्ञांकडून नियमित तपासणी करून घ्यावी; उशीर दिसल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही लवकर उपचारांची सोय आहे.